अँटी-एचसीव्ही (हेपॅटायटिस सीची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलंय, लगेच रेफर करू का?

प्रश्न: नमस्कार सर, परळीकडं प्रॅक्टिस करतो. पंचेचाळिशीचा ऊसतोड मुकादम, हर्नियाच्या ऑपरेशनआधी अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आलं, एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम, म्हणजेच एएलटी) थोडं वाढलंय, त्रास काहीच नाही. गडी पार घाबरलाय अन् बायको विचारतीय भांडी वेगळी करू का. इथं काही करता येईल का?

उत्तर: सर आधी आरएनए व्हायरल लोड (रक्तात विषाणू खरंच आहे का, किती आहे) करा, आजार बरा झाला तरी अँटीबॉडी पॉझिटिव्हच राहते, नुसत्या कार्ड टेस्टवर औषध सुरू करायचं नसतं. सोबत एलएफटी (लिव्हरच्या तपासण्या), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोनोग्राफी, एचआयव्ही आणि एचबीएसएजी (हेपॅटायटिस बीची टेस्ट). शेवटचं अजिबात विसरू नका, बी सोबत असला तर सीच्या गोळ्यांवर तो उसळतो. वय, एएसटी (हेही लिव्हरचं एन्झाइम), एएलटी, प्लेटलेटवरून फिब-४ (लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज देणारा आकडा) काढा.

उत्तर: बायकोला सांगा जेवणातून, भांड्यातून पसरत नाही, रेझर-ब्रश वेगळे ठेवा, तिचीपण एकदा टेस्ट करा. २०१८ पासून राष्ट्रीय हेपॅटायटिस कार्यक्रमात औषध फुकट आहे, बीड सिव्हिल किंवा अंबाजोगाई मेडिकलला चौकशी करा. सिरोसिस (लिव्हर आकसून कडक होणं) नसंल तर सोफोसबुविर-डॅक्लाटासविर १२ आठवडे, बहुतेक बरे होतात. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असंल तर हे देऊ नका. पोटात पाणी, कावीळ, रक्ताची उलटी असंल तर थांबू नका, थेट मोठ्या सेंटरला.

प्रश्नकर्ता: लय उपकार सर. दिवाळीनंतर तो टोळी घेऊन कारखान्याला जातो, मधे गोळ्या तुटतील हीच काळजी.

उत्तर: मग आत्ताच सुरू होईल असं बघा, अन् कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड, तेव्हा कारखान्यावरून एक दिवस यायलाच लावा.