एकटीने दोन मुलांना घेऊन शिकागो ते पुणे: वाटेत विमान चुकले तर काय करावे?

रानजाई

नमस्कार. येत्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी सात वर्षांची मुलगी आणि धाकटा मुलगा यांना घेऊन शिकागोहून पुण्याला येणार आहे आणि फेब्रुवारीच्या मध्यावर परतणार आहे. धाकटा जानेवारीत दोन वर्षांचा होईल. यजमानांना रजा नसल्यामुळे दोन्ही वेळा मी एकटीच असेन. तिकिटे अजून काढलेली नाहीत, कारण मागच्या प्रवासाची धास्ती मनातून गेलेली नाही.

गेल्या जानेवारीत निघालो तेव्हा शिकागोला बर्फ पडत होता. विमानाच्या पंखांवरचा बर्फ काढण्यात आणि रांगेत साडेचार तास गेले, आणि जर्मनीत उतरलो तेव्हा मुंबईचे विमान सुटून गेलेले होते. काउंटरवरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशीचे तिकीट आणि हॉटेलची चिठ्ठी हातात दिली. ती घेऊन पासपोर्ट तपासणीपाशी गेलो, तेव्हा अधिकाऱ्याने तिन्ही पासपोर्ट पाहून सांगितले की मुलांचे पासपोर्ट अमेरिकेचे असल्यामुळे ती बाहेर जाऊ शकतात, परंतु माझा भारतीय असल्यामुळे व्हिसाशिवाय मला जाता येणार नाही. मुलीने मला विचारले, "मग आम्ही दोघांनीच हॉटेलात जायचे का?" मला उत्तर सुचले नाही.

पुढचे एकवीस तास आम्ही विमानतळावरच काढले. बाबागाडी सामानाबरोबर पुढे गेलेली होती, पिशवीत तीन डायपर उरले होते आणि दुधाची पावडर जेमतेम दोन वेळांची होती. खुर्च्यांच्या मागे माझी ओढणी अंथरून मुलगी झोपली. कॉफीच्या दुकानातल्या एका मुलीने तीन वेळा न मागता बाटलीत कोमट पाणी भरून दिले, तिची आठवण अजून येते. या वेळी तिकीट काढतानाच कोणती काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पाऊलवाट

ताई, वाचून वाईट वाटले. तुमच्या बाबतीत जे घडले ते अपवादात्मक नाही. भारतीय पासपोर्ट असलेली आई आणि अमेरिकी पासपोर्ट असलेली मुले अशी असंख्य कुटुंबे दर वर्षी युरोपमार्गे ये-जा करतात, आणि सगळे वेळापत्रकाप्रमाणे चालले तर हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. शिकागो ते युरोप एक आणि युरोप ते मुंबई दुसरे, अशी स्वस्तातली दोन तिकिटे वेगवेगळी काढली, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही आणि नवे तिकीट पदरचे पैसे घालून काढावे लागते. मधल्या थांब्यासाठी तिकिटाच्या यंत्रणेने दाखवलेला दीड तास मुलांसह पुरत नाही. हिवाळ्यात चार तासांचा थांबा कंटाळवाणा वाटला तरी तोच घ्यावा.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. विमान चुकल्यावर काउंटरवरून जो नवा मार्ग देतात, तो होकार देण्याआधी नीट वाचावा. समजा जर्मनीहून पॅरिस आणि पॅरिसहून मुंबई असा मार्ग दिला, तर जर्मनी ते पॅरिस हा शेंगेन क्षेत्रातला (एकाच व्हिसावर आपापसांत फिरता येते अशा युरोपीय देशांच्या गटातला) अंतर्गत प्रवास ठरतो आणि त्यासाठी तुम्हाला शेंगेन व्हिसा लागतो. घाईत असलेल्या कर्मचाऱ्याच्या हे ध्यानात येईलच असे नाही. त्यामुळे "माझ्याकडे शेंगेन व्हिसा नाही, मला शेंगेनबाहेर नेणारे थेट विमान द्या" हे वाक्य सुरुवातीलाच स्पष्टपणे बोलावे.

युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमानुसार लांब पल्ल्याच्या प्रवासात 600 युरोपर्यंत भरपाई मिळते, तिचाही अर्ज तुम्ही करायला हवा होता.

उंबरठा

पाऊलवाट यांचा शेंगेनविषयीचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. मात्र भरपाईविषयी एक दुरुस्ती सुचवतो, कारण याच समजुतीवर विसंबून मी स्वतः चार महिने पत्रव्यवहार केला होता. फेब्रुवारी 2022 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की एकाच आरक्षणावरच्या प्रवासाची सुरुवात आणि शेवट दोन्ही संघाबाहेर असतील आणि केवळ विमान बदलण्याचे ठिकाण संघात असेल, तर विमान कंपनी युरोपीय असली तरी 261/2004 लागू होत नाही. ते प्रकरण व्हिएन्नामार्गे बँकॉकला जाणाऱ्या प्रवाशांचे होते. शिकागो ते मुंबई हा प्रवास त्याच चौकटीत बसतो.

अशा वेळी आधार उरतो तो 1999 च्या माँट्रियल कराराचा. भारत 2009 मध्ये त्यात सहभागी झाला. उशिरामुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीसाठी या कराराखाली विमान कंपनीकडे मागणी करता येते, परंतु नुकसान टाळण्यासाठी शक्य ते सर्व उपाय केले होते असे कंपनीने सिद्ध केले तर ती सुटते, आणि हिमवृष्टीच्या बाबतीत कंपन्या नेमके हेच म्हणतात. तरीही डायपर, दूध, जेवण यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. सामान उशिरा मिळाले तर ते हाती आल्यापासून 21 दिवसांत आणि मोडतोड झाली असेल तर 7 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. तिकीट ज्या क्रेडिट कार्डावर काढाल, त्यावर प्रवासातल्या उशिराचे विमासंरक्षण आहे का, हे मात्र आजच पाहा. प्रत्यक्षात पैसे हाती पडतात ते बहुधा तिथूनच.

आणखी एक. तुमच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा चालू आहे का? एच-4 वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, राहणाऱ्यांचा मुक्काम कायदेशीर असतो, पण पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत अनेकदा संपलेली असते आणि भारतात जाऊन तो नव्याने घ्यायचा असतो. असा शिक्का नसेल तर काही युरोपीय देशांत विमानतळाबाहेर न पडताही व्हिसा लागू शकतो. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. शिकागोहून दिल्लीला थेट विमान मिळत असेल, तर मी तेच घेईन. दिल्लीत अडकलात तरी तिघांना मिळून दाराबाहेर पडता येते.

नाशिकची आजी

बाळ, मी सून आणि नातवंडांना पोहोचवायला दोनदा गेले आहे, तेवढ्यावरून सांगते. परतीच्या वेळी तुझा धाकटा दोन वर्षे पूर्ण झालेला असेल. मांडीवरचे तिकीट दोन वर्षांखालच्या बाळांनाच मिळते. येताना तो मांडीवर चालेल, जाताना त्याला स्वतंत्र आसन लागेल, आणि हे आत्ताच सांगून तिकीट काढ. ऐन परतीच्या दिवशी विमानतळावर आसन शोधावे लागले तर फार हाल होतात.

यजमानांकडून संमतिपत्र लिहून, नोटरी करून घे, आणि त्याला मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती जोड. प्रत्येक ठिकाणी विचारतात असे नाही, पण विचारले तर तेवढ्यासाठी तासभर बाजूला बसवतात.

हातातल्या पिशवीत घरापासून घरापर्यंत जेवढे लागेल त्याच्या दुप्पट डायपर आणि दुधाची पावडर ठेव. अमेरिकेच्या सुरक्षा तपासणीत बाळाच्या दुधाला शंभर मिलिलिटरची मर्यादा नाही, फक्त ते वेगळे काढून दाखवावे लागते. बाबागाडी विमानाच्या दारात देताना ती मधल्या विमानतळावर परत हवी आहे की मुंबईला, हे विचारून चिठ्ठीवर कोणते शहर लिहिले ते स्वतः वाच. आमची गाडी अशीच एकदा पुढे निघून गेली आणि सुनेने तीन तास बाळ कडेवर वागवले.

मुलीच्या कोटाच्या आतल्या खिशात तुझा आणि यजमानांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव आणि ती कुठे आहे हे तिला माहीत असू दे. निघण्यापूर्वीच तिला सांग की विमान चुकू शकते, चुकले तर आपण तिघे एकाच जागी थांबणार आहोत. तिने तुला विचारलेला तो प्रश्न वाचून माझ्या पोटात कालवले. आपल्याला वेगळे करतील ही भीती मुले बोलून दाखवत नाहीत, पण घेऊन फिरतात.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. माझा शिक्का मार्चमध्येच संपला आहे, आणि त्यामुळे युरोपमार्गे जाताना अडचण येऊ शकते हे मला ठाऊकच नव्हते. आज दुपारी दिल्लीच्या थेट विमानाची चौकशी केली. भाडे माणशी बरेच जास्त आहे, पण यजमानांशी बोलून तेच घ्यायचे ठरवले. परतीसाठी धाकट्याचे आसन वेगळे सांगितले आहे. आजी, मुलीला रात्री जेवताना सगळे सांगितले. तिने चिठ्ठी स्वतःच लिहायला घेतली आहे आणि त्यात भावाचेही नाव घातले आहे.