हिरड्यांची फ्लॅप शस्त्रक्रिया आणि आईच्या गोळ्यांचा डबा : मदत हवी आहे

नमस्कार. माझी आई ६३ वर्षांची असून कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे राहते. मिश्री लावण्याची तिची चाळीस वर्षांची सवय यंदा सुटली, पण तोवर हिरड्या दातांपासून सुटू लागल्या होत्या. निरोगी हिरडी आणि दात यांमधली फट साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. आईच्या मागच्या दाढांपाशी मुळांपर्यंत सफाई करूनही ती ६ ते ७ भरली, म्हणून तेवढ्या भागाची फ्लॅप शस्त्रक्रिया (हिरडी उघडून आतली मुळे साफ करून ती पुन्हा शिवणे) ठरली आहे. मधुमेहामुळे ती लांबली होती, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.९ वरून ७.१ वर आल्यावर आता पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे.

अडले आहे ते गोळ्यांच्या डब्यापाशी. त्यात अ‍ॅस्पिरिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी), अ‍ॅम्लोडिपिन (रक्तदाबाची), मेटफॉर्मिन (मधुमेहाची) आणि कॅल्शियम आहेतच. शिवाय पुण्याच्या भावाने पाठवलेल्या माशाच्या तेलाच्या आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आहेत. या कॅप्सूलबद्दल आईने दातांच्या डॉक्टरांना काहीच सांगितले नव्हते, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हेच.

अ‍ॅस्पिरिन हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्यांच्याशी बोलणे होणारच आहे. मात्र अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला या दोन कॅप्सूलमुळे रक्तस्राव वाढू शकतो म्हणतात. ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली, त्यांना डॉक्टरांनी त्या किती दिवस आधी थांबवायला सांगितल्या होत्या?

दुसरे असे की, नंतर काही आठवडे डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देण्याचा डॉक्टरांचा विचार आहे. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतल्यास ती नीट शोषली जात नाही, आणि आई कॅल्शियम नेमके रात्रीच्या जेवणानंतर घेते. दोन्हींच्या वेळा कोणी कशा बसवल्या? अ‍ॅम्लोडिपिनमुळे काहींच्या हिरड्या फुगतात असेही कळले. त्यासाठी रक्तदाबाची गोळी कोणाची बदलली आहे का?

ओळखीच्या एका बाईंनी ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा आग्रह धरला आहे, पण कमतरता नसताना त्या गोळ्यांनी सुटलेली हिरडी पुन्हा दाताला चिकटेल, असे मला वाटत नाही. (तांबडा रस्सा काही दिवस बंद, हे ऐकून आईने शस्त्रक्रियाच नको म्हणून पाहिले, ते वेगळेच.)

शनिवारी हा डबा जसाच्या तसा घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. त्याआधी तिथे आणखी काय विचारावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सुचवावे.