मदत हवी आहे: बुद्धिबळातल्या सिमेट्रिकल इंग्लिश या सुरुवातीत काळ्याने नेमकं काय करावं?

नमस्कार मंडळी, रविवारी स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी हरलो. डाव डोक्यातून जात नाही, म्हणून विचारतोय.

सुरुवात सी४ सी५, म्हणजे दोघांचंही सी-प्यादं दोन घरं पुढे. मग दोघांचेही घोडे सी-एफ रेषांवर, उंट जी-प्याद्यामागे, कॅसलिंग (राजा कोपऱ्याकडे, हत्ती त्याच्या शेजारी). सहा चालींपर्यंत पट आरशासारखा. सातव्या चालीला प्रतिस्पर्ध्याने डी४ केलं, डी४ वर मारामारी झाली, त्याचा वजीर तिथे आला. मी डी६ खेळलो आणि तो लगेच वजीर डी३ वर घेऊन गेला. माझा एफ६चा घोडा हलला की जी७चा उंट वजिरावर उघडतो, म्हणून ही माघार, एवढं कळलं.

माझा बेत ए६, हत्ती बी८ आणि बी५. त्याने ए४ करून बी५ अडवलं, पुढे बी३, हत्ती सी१ आणि घोडा डी५ वर. मी घोड्याने घोडा मारला, त्याने सी-प्याद्याने परत मारलं. तिथेच माझं बिघडलं. सी-रेषा त्याची, ई७चं प्यादं कायमचं लंगडं (मागे अडकलेलं), माझा हत्ती बी८ वर बसून. घोडा मारण्याच्या या एका चालीवर घड्याळातली १८ मिनिटं गेली होती, तरी चुकलो.

डी५चा घोडा मारायलाच नको होता का? त्याने ए४ केल्यावर एफ६चा घोडा डी७ मार्गे सी५ वर न्यायला हवा होता, असं आता वाटतं. आणि दहाव्या चालीला उंट एफ५ वर ठेवून त्याला ई४ करायला लावलं, तर त्याचा जी२चा उंट कोंडतो. पण डी५ चं घर आणखी पक्कं त्याचं होत नाही का? ही रचना नेहमी खेळणाऱ्यांनी सांगावं. पुढच्या आठवड्यात पुन्हा स्पर्धा आहे.