कॅमेरा सोडून पुढच्या फोनमध्ये तुम्हाला नक्की काय पाहिजे?

पंचवटीकर:
नमस्कार मंडळी. बाबांसाठी फोन घ्यायचाय, चार दिवस झाले नुसते व्हिडिओ बघतोय आणि सगळीकडं तेच चाललंय, दोनशे मेगापिक्सल, एवढे वॉट चार्जिंग, फोटोतला नको असलेला माणूस पुसून टाकणारं एआय. बाबांना यातलं एकही लागत नाही. नाशिकला रामकुंडाकडं त्यांचं पूजासाहित्याचं छोटं दुकान आहे, त्यांना काय लागतं तर कॉल, युपीआयचा मेसेज, आणि उधारीच्या वहीची पानं, ती ते दर आठवड्याला फोटो काढून ठेवतात कारण एकदा पावसात वही भिजली होती.

तर झालं असं की त्यांच्या फोनची बॅटरी फुगली. मागचं झाकण एका बाजूनं वर आलं. एमजी रोडला एका दुकानात दाखवला तर म्हणे उघडताना डिस्प्ले गेला तर आमची जबाबदारी नाही, आणि खर्च सांगितला तो ऐकून बाबा फोन घेऊन तडक बाहेर आले. फोटोंचा बॅकअप नाहीये. तीन वर्षांची उधारी त्या फोनमध्ये आहे. माझा पहिला फोन आठवतोय, नखानं मागचं झाकण काढायचं, बॅटरी बदलायची, दोन मिनिटांत परत चालू. ते कुठं गेलं सगळं?

दुसरी गोष्ट नेटवर्कची. २०१५ च्या कुंभात पर्वणीच्या दिवशी आत्याला शोधायला मी दोन तास फोन लावत होतो, लागतच नव्हता, शेवटी ती चालत चालत घरीच आली. आता २०२७ ला परत तीच गर्दी, त्याहून जास्तच.

म्हणून विचारतोय, येत्या पाच-सात वर्षांत फोनमध्ये काय यावं असं तुम्हाला मनापासून वाटतं? जाहिरातीत असतं ते सोडून, तुमच्या रोजच्या कामात जे अडतं ते सांगा.

सोल्डरिंगवाला:
दादा आधी एक काम करा, तो फोन चार्जिंगला लावू नका. अजिबात नाही. वर आलेलं झाकण दाबून परत बसवायचा प्रयत्न करू नका, खिशात ठेवू नका, उन्हात गाडीच्या डिकीत तर नकोच. बॅटरी जुनी झाली, सारखी तापली, रात्रभर शंभर टक्क्यांवर पडून राहिली की आतलं रसायन मोडायला लागतं आणि गॅस धरतो, तोच तो फुगवटा. टोचलं किंवा वाकलं तर पेट घेते. डेटा कुठं जात नाही, तो बॅटरीत नसतो, घाबरू नका.

मी गेली चौदा वर्षं रिपेरिंगच करतोय. माझं एकच मागणं आहे, बॅटरी निघाली पाहिजे. आता ती गमनं चिकटवलेली असते, मागची काच पण गमनं, मग हीटगननं गरम करा, पातळ पत्तीनं सोडवा, त्यात एखादी केबल कापली गेली की गिऱ्हाईक बरोबर माझ्यावरच ओरडतं आणि त्याचंही चूक नसतं. जमतच नाही असं थोडंच आहे? २०२४ च्या आयफोन १६ मध्ये बॅटरीला असा गम आहे की त्याला ९ व्होल्टची वीज दिली की तो आपोआप सुटतो. म्हणजे डोकं लावलं की होतं.

युरोपात २० जून २०२५ पासून नियमच लागू झालाय. बॅटरीनं ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता टिकवली पाहिजे, मॉडेलची विक्री बंद झाल्यावर पुढं ७ वर्षं पार्ट मिळाले पाहिजेत, ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट ५ वर्षं. सामान्य माणसाला घरी बॅटरी बदलता आली पाहिजे असंही त्यात आहे, पण तिथं एक पळवाट ठेवलीये, बॅटरी १००० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के टिकत असेल आणि फोन पाण्यात टिकणारा असेल तर ती दुकानात काढायला लागणारी असली तरी चालतं. तरी एवढंही आपल्याकडं आलं तर मी पेढे वाटेन.

आणि ते पार्ट पेअरिंग बंद व्हावं. एकाच मॉडेलच्या दोन ओरिजिनल फोनची स्क्रीन अदलाबदल केली तरी फोन म्हणतो हा पार्ट ओळखीचा नाही, आणि काही फोनमध्ये एखादी सोयच बंद पडते. पार्ट खरा आहे, मी बसवला नीट, मग अडचण काय? अमेरिकेत ओरेगन राज्यानं २०२४ मध्ये याच्याविरुद्ध कायदा केला.

बागायतदार निफाड:
आमचं दुखणं वेगळंच आहे भाऊ. हात ओले.

ऑक्टोबरला द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, झाली की पुढं चार महिने बागेत हात कोरडा असा नसतोच. जीएचं डिपिंग, म्हणजे घड संजीवकात बुडवणं, चालू असलं की कोपरापर्यंत ओलं, फवारणीला हातमोजे, आणि नेमका त्याच वेळेला व्यापाऱ्याचा नाहीतर औषधवाल्याचा फोन येतो आणि स्क्रीन काही केल्या सरकत नाही. नाकानं कॉल उचललेत मी, खरं सांगतो. पोरानं समजावलं की ही स्क्रीन दाबावर चालत नाही, बोटातून जो बारीक विजेचा फरक पडतो तो ओळखते, म्हणून पाण्याचा थेंब पण तिला बोटच वाटतो आणि जाड मोजा घातला की बोट दिसतच नाही. ओल्या हातानं चालणारी स्क्रीन आता काही फोनमध्ये यायला लागलीये म्हणतात, ती सगळ्यात स्वस्त फोनमध्ये आधी द्या. त्याची गरज आम्हाला जास्त आहे. नाहीतर बाजूला एक जाडजूड बटण द्या, दाबलं की कॉल उचलला, परत दाबलं की ठेवला.

दुसरं ऊन. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही, ब्राइटनेस फुल केला तर फोन तापतो, तापला की तो स्वतःच ब्राइटनेस कमी करतो, परत काही दिसत नाही. आयफोनच्या माहितीतच लिहिलंय की बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश असताना वापरा. आमच्याकडं एप्रिलच्या खरड छाटणीला चाळीस असतं आणि जानेवारीत थंडीचा आकडा पेपरात छापून येतो. हा फोन आमच्या हवेत कुठं बसतो ते सांगा. मला चाळीस अंशात शर्टाच्या खिशात राहून संध्याकाळपर्यंत चालणारा फोन पाहिजे, बाकी पातळ जाड काही असू दे.

आणि बोलून लिहायची सोय. एक्स्पोर्टच्या बागेला कोणत्या तारखेला कोणतं औषध किती मारलं, काढणीच्या आधी किती दिवस थांबलो, सगळी नोंद लागते. मी फवारा मारता मारता बोलावं आणि त्यानं लिहावं एवढंच म्हणणं आहे माझं. पण रोगांची नावं घेतली की, मी म्हणतो डावणी, तो लिहितो दावणी. मी म्हणतो भुरी, तो एखाद्या पोरीचं नाव लिहितो. त्यात बागेत नेट नसलं की आवाजावरून लिहिणं धड चालत नाही. आमची भाषा फोनच्या आतच बसवा, नेटशिवाय चाललं पाहिजे, आणि मी एकदा चूक सुधारली की त्यानं पुढच्या वेळी ती लक्षात ठेवली पाहिजे.

कॉलेजरोडचा:
बॅटरीवाल्या मुद्द्याला माझा थोडा विरोध आहे. मागच्या पावसात गंगापूर रोडला गाडीसकट पाण्यात पडलो, फोन मिनिटभर तरी डबक्यात होता, काढला, पुसला, चालू. तो गमनं सील केलेला होता म्हणून वाचला ना? झाकण निघणारा फोन असता तर मेला असता. मला हलका आणि वॉटरप्रूफ फोन पाहिजे, बॅटरी तीन वर्षांनी एकदा दुकानात बदलून घेईन, काय बिघडतं.
बाकी आता ती सिलिकॉन कार्बनवाली बॅटरी आलीये, तेवढ्याच जाडीत सात हजार एमएएच बसते, दोन दिवस आरामात जातात.

सोल्डरिंगवाला:
कॉलेजरोडचा, २०१४ चा सॅमसंगचा गॅलॅक्सी एस५ आठवतोय का? झाकण नखानं निघायचं, बॅटरी हातात यायची आणि तरी आयपी६७ होता, म्हणजे पाण्यात पडला तरी टिकणारा. झाकणाला आतून रबराची कड होती. आजही सॅमसंगची एक्सकव्हर नावाची मालिका मिळते, तिच्यात बॅटरी निघते आणि पाण्यालाही दाद देत नाही. थोडा जाड असतो, हे मान्य. पण गम पण म्हातारा होतो बरं, आणि एकदा दुकानात उघडलेला फोन पहिल्यासारखा पाणबंद राहील याची खात्री मी तरी कुणाला देत नाही. तुमचा तीन वर्षांनी उघडला की परत डबक्यात पडू नका.

शाळा पेठ तालुका:
माझं थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी पेठ तालुक्यात शिक्षिका आहे, रोज नाशिकहून अपडाऊन. घाट उतरला की रेंज जाते ती शाळेजवळच्या टेकाडावर चढल्यावर एक-दोन काड्या येते. पोषण आहाराची माहिती भरायला मी त्या टेकाडावर जाते, पावसाळ्यात तिथं उभं राहायलाही भीती वाटते. एकदा एका मुलाला साप चावला, गाडीला फोन लावायला एक पालक धावत वर गेले. मूल वाचलं. पण ती पंधरा मिनिटं मी अजून विसरले नाहीये.

म्हणून मला पाहिजे ते उपग्रहावरून जाणारं संकटाचं मेसेजिंग. २०२२ मध्ये आयफोन १४ पासून अमेरिका-कॅनडात ते सुरू झालं, आकाशाकडं फोन धरून छोटा मेसेज पाठवता येतो, टॉवर लागत नाही. आपल्याकडं परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन वापरायलाच बंदी आहे, सुरक्षेचं कारण मला समजतं, पण फक्त १०८ आणि ११२ ला जाणारा, दुसरं काहीच न करणारा असा एक रस्ता तरी उघडा. आणि लाखाच्या फोनमध्ये नको, माझ्या मुलांच्या आईवडिलांकडं असतो त्या सात-आठ हजारांच्या फोनमध्ये.

एफएम रेडिओही परत यावा. २०२३ मध्ये सरकारनं कंपन्यांना सांगितलं होतं की फोनमधला एफएम बंद ठेवू नका. पण बहुतेक फोनमध्ये एफएमला अँटेना म्हणून हेडफोनची वायर लागते आणि ते हेडफोनचं भोकच आता गायब होत चाललंय. मग रेडिओ लागणार कसा? ते भोक मला गाण्यांसाठी नकोय. वादळात लाईट आणि टॉवर दोन्ही गेले की आकाशवाणी तेवढी ऐकू येते.

एक भाषेचंही. मी मराठी शिकवते त्यामुळे हे मला रोज टोचतं. ‘आचाऱ्यांना’ लिहिलं की कीबोर्ड त्याचं ‘आचार्यांना’ करतो. स्वयंपाक्याचा गुरुजी झाला! वाऱ्यावर, दऱ्या, तऱ्हा, या सगळ्या अर्ध्या र चं हेच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या अक्षरांच्या सर्वमान्य यादीत, २००८ पासून आहे, तरी काही कीबोर्डवर शोधायला मिनिट जातं. आपल्या मुलांना शुद्धलेखन शिकवायचं आणि त्यांच्या हातातल्या फोननं ते बिघडवायचं हे मला पटत नाही.

कुंभाबद्दल पंचवटीकरांनी विचारलंय. गर्दीत टॉवरला एका वेळी जेवढे कॉल पेलतात त्याच्या कितीतरी पट माणसं असतात म्हणून लागत नाही. पण सेल ब्रॉडकास्ट वेगळं असतं, टॉवर एकदाच बोलतो आणि सगळे फोन ऐकतात, म्हणून गर्दीनं ते अडत नाही. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन अचानक मोठ्यानं वाजले होते ती त्याचीच चाचणी. अमुक घाट बंद आहे, तमुक रस्त्यानं जा, हे त्यातून मराठी-हिंदीत सांगता येईल. मात्र आत्या कुठं आहे ते त्यातून कळणार नाही. त्यासाठी फोनवरून फोनवर ब्लूटूथनं हात बदलत जाणारा मेसेज पाहिजे. हाँगकाँगच्या आंदोलनात २०१९ मध्ये लोकांनी अशी ॲप वापरली होती. पण ॲप दोघांकडं असावं लागतं, आणि आत्याकडं ते नसणार. म्हणून ते फोनमध्ये आधीपासूनच असावं, कंपनी कुठलीही असो, सगळ्या फोनना एकमेकांचं कळलं पाहिजे.

बागायतदार निफाड:
ताई साप चावला तेव्हाचं वाचून काटा आला. तुमचं आधी होऊ दे, माझी स्क्रीन नंतर.

पंचवटीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो. काल सिडकोतल्या एका ओळखीच्या कारागिराकडं गेलो, त्यानं आधीच सांगितलं तासभर लागेल, घाई करू नका. हळूहळू गरम करून झाकण काढलं, फुगलेली बॅटरी उशीसारखी झाली होती, ती वाळूच्या डब्यात ठेवली आणि दुसरी लावली. फोन चालू झाला. डिस्प्ले शाबूत आहे. सगळी पानं कॉम्प्युटरवर घेतली, साडेचारशेच्या वर फोटो निघाले. बाबा शेजारी बसून एकेक नाव वाचत होते, याचे एवढे, त्याचे तेवढे, हा तर वारला रे.

नवीन फोन आता घेत नाहीये, म्हणाले हाच चालतोय की. दुकानासाठी जाड पुठ्ठ्याची वही मात्र आणलीये, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात.

सोल्डरिंगभाऊ, ती जुनी बॅटरी कारागिरानं परत दिली नाही, म्हणाला मी बघतो. ते बरोबर आहे ना? घरात अजून दोन जुने फोन पडलेत, त्यांचं काय करू?

सोल्डरिंगवाला:
बरोबर केलं त्यानं. घरातले दोन्ही फोन फुगलेत का ते टेबलावर सपाट ठेवून बघा, डुगडुगले तर समजा आत गॅस धरलाय. घंटागाडीत टाकू नका, तिथं कचरा दाबला जातो आणि बॅटरी दाबली की पेटते. ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्या. तोवर दोन्ही बंद करून सावलीत ठेवा, कपड्यांच्या कपाटात नको.