मॉडर्न फॅमिलीतले मिच आणि कॅम: खरे आईबाप वाटतात का?

आईसोबत मॉडर्न फॅमिली ही अमेरिकन मालिका परत बघतीये, मिच आणि कॅम हे त्यातलं गे जोडपं. पहिल्याच भागात कॅम व्हिएतनामहून दत्तक घेतलेल्या लिलीला सगळ्यांसमोर उंच धरतो, आई खूप हसली. पण मला प्रश्न पडलाय, कॅमचं ते रडणं-ओरडणं, नाटकीपणा, ह्याच्यामुळे गे बाबा म्हंजे असाच असतो असं लोकांना वाटत नसेल का?

> वाटतं ना, मला तेच खटकतं. बाकीची जोडपी सहज किस करतात आणि हे दोघं पहिल्या अख्ख्या सीझनमध्ये नाहीच, लोकांनी फेसबुकवर मोहीम चालवली तेव्हा कुठे 2010 मध्ये दुसऱ्या सीझनला एकदा, तेही मागे, पटकन.

>> बरोबर आहे, पण त्याच भागात मिचला असं चारचौघात जवळ यायला अवघड का जातं ते त्याच्या बाबांपर्यंत नेऊन दाखवलंय, तो बाप कधी पोरांना जवळच घ्यायचा नाही, आणि शेवटी तोच मिचची पापी घेतो. मला तिथे रडू आलं, आमच्या घरी पण असंच होतं.

> मला तर टायर बदलतानाचा सीन आठवतो. कॅलिफोर्नियात 2013 ला गे लग्नं परत सुरू झाली त्यानंतरचा, दोघं रस्त्यात गुडघ्यावर बसलेले, एकमेकांकडे बघतात आणि विचारायच्या आधीच हो म्हणतात. अख्ख्या मालिकेत इतकं खरं काही नाही. आईला तो भाग नक्की दाखव गं.