सूर्याच्या वादळाने ओझोन घटतो, म्हणून वायूंवरची बंदी खोटी ठरते का?

पर्वरीचा मास्तर

गेले दोन दिवस आपल्या गटात एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की मे २०२४ च्या सौर वादळाने ओझोनचा थर फाटला, तेव्हापासून गोव्यातील काजूचा मोहोर करपतो आहे, आणि शीतकरणाच्या वायूंवरची बंदी हा परदेशी कंपन्यांचा व्यापारी डाव आहे, कारण ओझोनचा खरा शत्रू सूर्यच आहे. पस्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्यानंतर यावर गप्प राहणे मला जमत नाही.

सौर वादळाने ओझोन घटतो, हे खरे आहे. सूर्यावरून सुटलेले प्रोटॉन वातावरणात घुसतात, नायट्रोजनचे रेणू फोडतात, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात आणि ती ओझोन खातात. पाण्याच्या वाफेपासून होणारी हायड्रोजनची ऑक्साइडेही तेच करतात, फक्त ती काही तासांत संपतात. ऑगस्ट १९७२ च्या वादळात निंबस-४ या उपग्रहाने ही घट प्रत्यक्ष मोजली. पण हे घडते ध्रुवांकडे आणि मुख्यतः ४० ते ८० किलोमीटर उंचीवर. ५० किलोमीटरच्या वर एकूण ओझोनचा एक टक्काही नसतो. तिथला निम्मा ओझोन गेला तरी खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीला काही कळत नाही. ते प्रोटॉन गोव्यावर पोहोचतच नाहीत, कारण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवते आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ हा अडसर सर्वांत मोठा असतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि आपल्या माथ्यावर उतरण्यासाठी प्रोटॉनला सुमारे १५ गिगाइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. वादळातील बहुतेक प्रोटॉनांची ऊर्जा त्याच्या शंभराव्या भागाइतकीही नसते.

सत्तरीचा कुळागरकार

तो मजकूर मीच टाकला होता, तेव्हा उत्तरही मीच देतो. मास्तर, त्याच मे महिन्यात लडाखमध्ये हानले येथे आकाश लाल झाले होते आणि त्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. लाली लडाखपर्यंत येते, तर परिणाम सत्तरीपर्यंत येणार नाही, हे कशावरून ठरवता? माझी तीन हेक्टर काजूची बाग आहे. दोन वर्षे ओळीने मोहोर काळा पडून गळाला. कृषी अधिकारी आले, पाहून गेले, कागद भरला, पैसा मिळाला नाही. ज्यांनी कारण शोधायचे ते शोधत नाहीत आणि आम्ही शोधले की अडाणी ठरतो.

सड्यावरची

हानलेची लाली २०० किलोमीटरहून कितीतरी वर होती. ओझोनचा मुख्य थर १५ ते ३५ किलोमीटरांवर असतो. ती लाली ऑक्सिजनच्या अणूंची असते, आणि ती निर्माण करणाऱ्या इलेक्ट्रॉनांना खाली ओझोनपर्यंत उतरण्याइतका जोर नसतो. उलट सूर्य जोरात असतो त्या वर्षांत त्याचे अतिनील किरण वाढतात, त्यांच्यामुळे आपल्यासारख्या उष्ण प्रदेशावर ओझोन एक-दोन टक्क्यांनी वाढतो.

माझा मामेभाऊ भारताच्या अंटार्क्टिकावरील मैत्री केंद्रावर एक हिवाळा राहून आला. तिथे फुग्याला यंत्र बांधून ओझोन मोजण्यासाठी वर सोडतात. तो सांगतो की सप्टेंबर-ऑक्टोबरात फुगा १५-२० किलोमीटरांच्या पट्ट्यात शिरला की आकडे कोसळतात, आणि त्याच्या वर पुन्हा सावरतात. सूर्याच्या प्रोटॉनांनी हे केले असते तर घट वरून सुरू झाली असती. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये मुरगावहून निघाली. ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आमच्या सड्यावर आहे. त्या गावातल्या लोकांनी असला मजकूर पुढे पाठवावा, याचे मला वाईट वाटते.

सत्तरीचा कुळागरकार

ताई, वाईट वाटून घेण्याआधी ऐका. मीही वाचतो. ऑक्टोबर २००३ च्या वादळांनंतर, २००४ च्या वसंतात, उत्तर ध्रुवावर ४० किलोमीटरांच्या आसपास ओझोन साठ टक्क्यांपर्यंत घटला होता. ध्रुवाच्या अंधाऱ्या हिवाळ्यात ही नायट्रोजनची ऑक्साइडे मरत नाहीत, ती ध्रुवाभोवतीच्या वाऱ्यांच्या भोवऱ्यातून खाली उतरतात, महिनोन्‌महिने टिकतात. हवामानाच्या जागतिक प्रतिमानांना, म्हणजे संगणकावरच्या गणिती नमुन्यांना, पुरवल्या जाणाऱ्या सौर माहितीत सूर्याचे हे कण कधीपासून धरले गेले, ते सांगा. मास्तरांनी पस्तीस वर्षांत एकदा तरी हे वर्गात शिकवले का?

पर्वरीचा मास्तर

नाही शिकवले. पुस्तकात नव्हते आणि मी पुस्तकाबाहेर पाहिले नाही, ही माझी चूक. सौर माहितीच्या त्या संचात हे कण पहिल्यांदा प्रतिमानांच्या जागतिक तुलनेच्या सहाव्या फेरीत, म्हणजे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीत आले; एवढा मुद्दा तुमचा. मात्र त्यावरून ओझोनचे विवर, म्हणजे अंटार्क्टिकावर दर वसंतात होणारी ती मोठी घट, सूर्याने पाडले असे म्हणाल तर तो प्रश्न १९८६ मध्येच निकाली निघाला आहे. त्या वर्षी नेमका हाच सिद्धांत मांडला गेला होता की सूर्यचक्रामुळे, म्हणजे सूर्याच्या जोरातील ठरावीक चढउतारामुळे, वाढलेली नायट्रोजनची ऑक्साइडे विवराला कारण आहेत. त्याच वर्षी वातावरणशास्त्रज्ञ सुझन सोलोमन यांच्या नेतृत्वाखाली अंटार्क्टिकावर गेलेल्या तुकडीने मोजले, तर विवरात ही ऑक्साइडे नेहमीपेक्षा कमी सापडली आणि क्लोरीनची संयुगे कितीतरी जास्त. शिवाय सूर्य १९८६ मध्ये शांत होता आणि १९९६ मध्येही शांत होता. विवर दोन्ही वर्षी होतेच.

वेर्ण्याचा फ्रिज मेकॅनिक

क्लोरीन आले म्हणजे ते आमच्या शीतकरणाच्या वायूंतले, आता आमच्यावर बोट येणार, म्हणून मी लिहितो. सव्वीस वर्षे मी एसी आणि फ्रिज दुरुस्त करतो. आर-१२ हा क्लोरीनचा वायू गेला, आता तसाच आर-२२ जातो आहे, त्याची भारतातली मुदत २०३० आहे. दरवेळी नवा वायू, नवी नळी, नवे गेज आम्ही आमच्या पैशाने घेतले. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मी आर-२२ सिलिंडरमध्ये काढून घेण्यासाठी अर्धा दिवस मागितला, तेव्हा व्यवस्थापकाने पाहुणे येतात म्हणून हवेत सोडून द्यायला सांगितले. मी नकार दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा आला आणि त्याने व्हॉल्व्ह उघडला. हे पाप मेकॅनिकचे की मालकाचे?

सड्यावरची

व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हाताचेही आहेच. सगळा दोष मालकावर ढकलून मोकळे होता येणार नाही.

वेर्ण्याचा फ्रिज मेकॅनिक

महिन्याला पगार येणाऱ्या घरात बसून हे लिहिणे सोपे आहे. त्या मुलाला त्या दिवशी आठशे रुपये मिळाले. वायू परत काढायचे यंत्र घ्यायला त्याला किती दिवस उपाशी राहावे लागेल, याचा हिशेब आधी करा. आणि सगळेच वायू एका मापाने मोजू नका. मासळीच्या बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया असतो, त्याने ओझोनला काही होत नाही. नव्या एसीतील आर-३२ मध्येही क्लोरीन नाही, तो फक्त पृथ्वीचे तापमान वाढवतो. ओझोनला धोका आहे तो जुन्या यंत्रांत उरलेल्या वायूचा.

सड्यावरची

हिशेबाचे तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागते. मी घाईने लिहिले. यंत्र हॉटेलनेच ठेवायला हवे.

पर्वरीचा मास्तर

हा विषय मूळ प्रश्नाला सोडून नाही. आर-१२ चा रेणू वातावरणात सुमारे शंभर वर्षे टिकतो. वेर्ण्यात सुटलेला वायू गोव्यावर थांबत नाही. काही वर्षांत वर चढून तो ध्रुवापर्यंत जातो, आणि तिथल्या थंड ढगांवर त्याचा क्लोरीन मोकळा होतो. सूर्याचे प्रोटॉन आपल्यापर्यंत येत नाहीत, आपला वायू मात्र ध्रुवापर्यंत जातो. सूर्याला आपण अडवू शकत नाही, म्हणून जे अडवता येते तेही सोडून द्यायचे, हा त्या मजकुराचा तर्क मला मुळीच पटत नाही. काजूबद्दल विचारायचे तर मोहोर काळा पडला तेव्हा कोवळ्या फुटीवर काळपट चट्टे होते का? ढेकण्या हा रस शोषणारा किडा डसला की तसे होते, आणि अवेळी पाऊस, ढगाळ हवा आली की तो माजतो.

सत्तरीचा कुळागरकार

चट्टे होते. फवारणी उशिरा झाली, हेही खरे, कारण मजूर मिळाले नाहीत. तेव्हा काजूचा मुद्दा मी मागे घेतो. व्यापारी डावाचा मुद्दा मागे घेत नाही. दर दहा वर्षांनी यंत्रे बदलायला लावून कोणाचे तरी खिसे भरतातच.

माझ्या मांगरात वडिलांनी १९९१ साली घेतलेला फ्रिज पडून आहे. पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याला द्यायचा होता.

वेर्ण्याचा फ्रिज मेकॅनिक

देऊ नका. भंगारवाला कॉम्प्रेसरसाठी आधी नळी कापतो, तिथेच सगळा आर-१२ जातो. दाराच्या आणि भिंतीच्या फोममध्येही त्या काळी क्लोरीनचाच वायू भरत असत. तो मला काढता येत नाही, पण कॉम्प्रेसरमधला येतो. रविवारी सकाळी सिलिंडर घेऊन येतो. तोपर्यंत त्याला आडवा करू नका.

सत्तरीचा कुळागरकार

या. फाट्यावर आलात की फोन करा, मी न्यायला येतो. मजकूर मी गटातून काढला आहे, आणि २००४ चा आकडा वेगळा लिहून ठेवला आहे, कारण तो खरा आहे.