गाडी घेताना केलेली घासाघीस: अनुभव धागा

बकुळ_अंधेरी
काल भाच्याने एका छोट्या हॅचबॅकचं कोटेशन व्हॉट्सॅपवर पाठवलं. "मावशी, जरा नजर टाक गं." टाकली. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा, फास्टॅग इथपर्यंत कळलं. त्याखाली हँडलिंग, लॉजिस्टिक्स, एसेन्शियल किट, टेफ्लॉन कोटिंग. आणि सगळ्यात शेवटी लाल ठळक अक्षरांत 'स्पेशल डिस्काउंट', नेमका त्या चार ओळींच्या बेरजेइतका! आधी आपल्याच नावावर चढवायचं आणि मग उदार होऊन उतरवायचं.

मला एकदम सासूबाई आठवल्या. घरातली पहिली गाडी घ्यायला सगळं कुटुंब गेलं होतं. सासरे एरवी भायखळ्याला कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणारे, पण शोरूमच्या एसीत बसल्यावर गप्पच. "इथे फिक्स रेट असतो," असं उलट मलाच दटावलं. सासूबाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप आणि टाकी भरून. जमत असेल तर सांगा, नाहीतर आम्हाला बोरिवली फास्ट पकडायची आहे." आणि खरंच उठल्या! दारापर्यंत पोचल्या तेव्हा मॅनेजर मागून धावत आला. टाकी काही भरली नाही, पाच लिटर मिळालं. बाकी सगळं आलं, वर डॅशबोर्डवरचा गणपती.

तर तुम्ही कसा भाव केलात ते लिहा. नवी, जुनी, लीजची (म्हणजे भाडेकरारावरची), काहीही चालेल. भाचा पण वाचतोय.

मुलुंड_पूर्व
हँडलिंग काढा म्हटलं. "मॅडम, सिस्टीममधून निघत नाही." मग मी निघते म्हटलं. निघालं.

कांदाभजी
@मुलुंड_पूर्व 😂😂 एक्स-शोरूम म्हणजेच शोरूमपर्यंत आणून ठेवलेली किंमत. मग आणण्याचे वेगळे पैसे कसले?

भाच्यासाठी लिहितो. डिस्काउंट किती, हे विचारूच नको. 'नंबर प्लेटसकट चावी हातात, एकूण किती?' एवढंच विचार. तो ॲक्सेसरीज फुकट देईल आणि विम्यात वसूल करेल. विम्यात सोडेल आणि एक्स्चेंजच्या जुन्या गाडीत कापेल. एकूण आकडा धरून ठेवला की ही सगळी फिरवाफिरवी त्याची तो करत बसतो, आपल्याला काय.

रोड टॅक्समध्ये काहीही हलत नाही, तिथे वेळ घालवू नको. आपल्याकडे खासगी नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२. सीएनजीला त्याहून कमी. हलतं ते विमा, ॲक्सेसरीज, वॉरंटी वाढवून घेणं आणि डीलरचं स्वतःचं मार्जिन. एकच मॉडेल, एकच व्हेरियंट, तोच रंग घेऊन अंधेरी, ठाणे आणि वाशी असे भाव मागव, तेही लेखी. तोंडी आकडा बुकिंगचे पैसे भरेपर्यंतच टिकतो.

जुनी_पद्मिनी
तुम्ही लोक भाव कमी करायच्या गोष्टी करताय. आमच्या वेळी पैसे घेऊन रांगेत उभं राहावं लागे. प्रीमियर पद्मिनी गाडी इथे कुर्ल्यात बनायची, तरी कुर्लेकरालाही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्या बुकिंगवरच धंदा सुरू झाला. ज्याचा नंबर लागला तो गाडी न वापरता 'ऑन' (किमतीवर वरचे पैसे) घेऊन पुढे विकायचा. आमच्या शेजाऱ्यांनी तसा ऑन देऊन गाडी घेतली आणि पेढे वाटले. छापील किमतीपेक्षा जास्त देऊन पेढे!

सध्या मुलगा सून गाडी बघताहेत, मी फक्त मागे बसून चहा पितो. शोरूमचा चहा सुधारलाय.

गिरगावची_सून
आमची गाडी पितृपक्षात ठरवली. पंधरवडाभर कोणी डिलिव्हरी घेत नाही, सेल्समन रिकामे बसलेले, मॅनेजर स्वतः येऊन खुर्ची सरकवतो. दसरा, पाडवा, धनत्रयोदशीला तोच माणूस ओळख दाखवत नाही.
२०२५ मध्ये तर कमाल झाली. ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस होता तो सरळ १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. आणि त्याच दिवशी घटस्थापना! आधी कोणी हात लावेना, नंतर नुसती झुंबड. आम्ही पितृपक्षातच ॲक्सेसरीजचं आणि विम्याचं बोलून ठेवलं होतं, बिल नव्या दराने. सोमवारी शोरूममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती तेव्हा आमचं सगळं लेखी होतं.

बकुळ_अंधेरी
सासूबाईंनी पितृपक्षात बुकिंग करू दिलं?

गिरगावची_सून
त्यांना सांगितलं नुसती चौकशी करतेय. टोकन नवऱ्याने ऑफिसातून जीपे केलं 🙈

हिंदमाता_पाणी
विम्यात काम करते म्हणून, घाईत. (कुकर लावलाय.)

डीलरकडूनच विमा घ्यायची सक्ती नाही. "बाहेरचा घेतला तर कॅशलेस (दुरुस्तीचं बिल कंपनी परस्पर भरते ते) मिळणार नाही" हे ठरलेलं वाक्य आहे, तुमच्या कंपनीच्या कॅशलेस यादीत ते वर्कशॉप आहे का तेवढं बघा. नव्या गाडीला थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, सप्टेंबर २०१८ पासून. त्याचा दर ठरवून दिलेला आहे, तिथे घासाघीस नाही. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. बाहेरचं कोटेशन दाखवताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि ॲड-ऑन (वरची जोड कव्हरं) तेच ठेवा, नाहीतर तुलनाच चुकते. दाखवलं की बहुतेक डीलर खाली येतात.

दुसरं, जुनी गाडी एक्स्चेंजला देताय? नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो. २० टक्क्यांपासून वाढत ५० पर्यंत जातो. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजला लावा, तीन वर्षांच्या आत. हे शोरूममध्ये आपण होऊन कोणी सांगत नाही.

आणि मुंबईत इंजिन प्रोटेक्शन काढून पैसे वाचवू नका प्लीज. पाणी इंजिनात गेलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा येत नाही. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, ढकलायची.

चिंचोका
हिंदमाता म्हणजे तुंबलेलं पाणीच, आयडी सार्थ आहे 😄

सायन_सर्कल
पाण्यावरून आठवलं. जुनी घेणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर जास्त सावध राहावं. मी बघितलेली एक गाडी चकाचक, नवीन कार्पेट, आत लिंबाचा भपकारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला चिखलाची रेघ. सीटच्या खालच्या रुळांना गंज. स्टेपनीच्या खड्ड्यातही वाळू होती. मालक म्हणे "जुहूला फिरायला जायचो." गाडी घेऊन समुद्रात जायचास का बाबा?

जुनी घेताना भाव करायला असली जागा सापडणं म्हणजे लॉटरी, फक्त ही वाली तर फुकट पण नको होती. इतर वेळी टायरचं वय, सर्व्हिसची बिलं, किती हात फिरलेत, लोन बाकी आहे का, या एकेका गोष्टीवर रक्कम उतरवून घ्यायची. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा लोनचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

पवईकर_७७
लीजबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. कंपनी कार लीज, पगारातून कापतात. ऑफिसात सगळे म्हणाले व्हेंडर ठरलेला आहे, बोलण्यासारखं काही नाही. पण हप्ता निघतो गाडीच्या बिलावरून, आणि बिल कमी करायला डीलरकडे मीच गेलो. कॉर्पोरेट सूट मागितली, मिळाली, हप्ता उतरला.

खरा वाद मुदत संपल्यावरच्या किमतीवर घालायचा. ती जास्त दाखवली की हप्ता गोड दिसतो आणि शेवटी गाडी ठेवायची म्हटलं की तोंड कडू. शिवाय नोकरी सोडली तर काय, हे सहीच्या आधी विचारा. विमा, सर्व्हिस, टायर हप्त्यात आहेत की नाहीत तेही. आमच्या टीममधल्या एकाने नोकरी बदलली तेव्हा गाडीचं काय करायचं यावर त्याच्या घरी गोलमेज परिषद भरली होती.

चिंचोका
शोरूममधल्या फायनान्सवाल्यावर कोणीच बोललं नाही?? "सर, फक्त ७ टक्के!" फ्लॅट (म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज) आहे हे बारीक अक्षरात. ५ लाख, ५ वर्षं, ७ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज पावणेदोन लाख, हप्ता ११,२५०. घटत्या शिलकीवर तोच दर साधारण साडेबारा टक्के होतो. बँकेत घटत्या शिलकीने ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १०,३७९. म्हणजे ९ हा आकडा ७ पेक्षा स्वस्त. दर सोडा, हप्ता गुणिले महिने करून बघा, बाकी सगळी गोष्ट तिथे कळते.

कांदाभजी
+१. आणि मुदतीआधी फेडलं तर किती दंड, तेही.

मुलुंड_पूर्व
गाडीचा भाव सगळे करताय, पार्किंगचा कोण करणार? आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे, गाडीवर गाडी, वरचा मजला मिळाला. आधी उंची मोजली, मग मॉडेल ठरलं. सेल्समन विचारत होता सनरूफ बघणार का मॅडम. म्हटलं टेप आणा.

जुनी_पद्मिनी
मुलुंडबाई तुम्हाला आमच्या शोरूमला घेऊन जायला हवं.

सायन_सर्कल
डिसेंबरची सूट कोणी घेतली आहे का? बायको म्हणतेय जानेवारीत घेऊ, विकताना सन नवं दिसेल.

कांदाभजी
तीनचार वर्षांत विकणार असलास तर बायकोचं ऐक. दहा वर्षं ठेवणार असलास तर डिसेंबर, आणि सूट भरभक्कम माग, कारण एक जानेवारीला ती गाडी कागदावर वर्षाने म्हातारी होणार हे त्यालाही ठाऊक असतं. फॉर्म २१ वर (डीलरचा विक्रीचा दाखला) बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, ते बघितल्याशिवाय बाकी रक्कम भरू नको. आणि गाडीची नोंदणी व्हायच्या आधी यार्डात जाऊन बघ. नंतर ओरखडा दिसला तरी ती तुझीच.

गिरगावची_सून
अवांतर: ठाण्याला स्वस्त मिळत होती पण नवऱ्याला मुंबईची एमएच-०१ नंबर प्लेटच हवी होती. त्या दोन आकड्यांसाठी काय काय ऐकलं मी.

चिंचोका
एमएच-०४ वाल्यांना पेडर रोडला हॉर्न जास्त मारतात म्हणे. हलकेच घ्या ठाणेकर.

पवईकर_७७
@हिंदमाता_पाणी नो क्लेम बोनसचं पत्र गाडी विकल्यावर मागायचं की आधी?

हिंदमाता_पाणी
विकल्यावर. ट्रान्सफरची कागदपत्रं जोडून कंपनीला मेल करायचा. मागे लागावं लागतं थोडं.

बकुळ_अंधेरी
भाच्याने कोटेशन परत पाठवलंय, टेफ्लॉनवर काट मारून. @सायन_सर्कल तुमच्या ओळखीचा मेकॅनिक यार्डात येऊन बघेल का गाडी? नंबर विपूत (माझ्या विचारपुशीत) टाका ना.

सायन_सर्कल
टाकला. रविवारी फोन उचलत नाही, क्रिकेट असतं.